हिरड्यांचं खरं कारण

पालेगाव,
४ मार्च १९९१

प्रिय हरिचंद्र यांस,

तुमचं नाव असं उघड लिहितेय, आईने बघितलं तर कान उपटेल. पण पत्रिका छापायला जायच्या आत हे पत्र तुमच्या हाती पडायलाच हवं. वाचून लग्न मोडावंसं वाटलं तर मोडा, पण अर्धवट वाचून मोडू नका, एवढीच माझी अट.

साखरपुड्याच्या फोटोत मी तोंड घट्ट मिटून का बसलेय, असं तुम्ही माझ्या वहिनीला विचारलंत म्हणे. अहो, रुसले नव्हते हो! माझ्या हिरड्या वाढल्यात. पुढचे दात निम्मे झाकून गेलेत, हसायला गेले की आधी हिरड्याच दिसतात. सोयरीक जुळताना आमच्या आईने तुमच्या आईंना ठोकून दिलं, की पोरीला लहानपणापासून मिश्रीची सवय, त्याने सुजल्यात. मी जन्मात मिश्रीला बोट लावलेलं नाही.

तुमच्या आईंना मात्र ते ऐकून कोण आनंद! त्या स्वतः दिवसातून चारदा लावतात. आम्ही घर बघायला खरवईला आलो, तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून डबी पुढे केली. लाजू नको म्हणाल्या, सासूसुना मिळून लावू. नाही म्हणावं तर आईचं खोटं उघडं पडणार. लावली बाई. देवा रे! दोन मिनिटांत घर गरगर फिरायला लागलं आणि मी भिंत धरून खालीच बसले. आणि आमची आई! मागचापुढचा विचार न करता ओटीवर धावली, स्वतःची चप्पल आणली आणि माझ्या नाकाला लावली. सगळे बघतच राहिले. तुमच्या आईंनी विचारलं तर म्हणते कशी, आमच्या पालेगावात साध्या चकरेलाही चप्पल हुंगवतात. अजून आठवलं की मी एकटीच हसत सुटते.

हसतेय खरी, पण पुढचं लिहायला हात धजत नाही. मला फीट येते. दहाव्या वर्षापासून. त्याच्या गोळ्या रोज चालू आहेत आणि हिरड्या वाढल्यात त्या गोळ्यांनी. उल्हासनगरच्या दातांच्या डॉक्टरने तोंडात बघितल्याबरोबर विचारलं, बेटी, मिरगी की गोली खाती हो क्या? आई त्यालाही मिश्रीचंच सांगणार होती, तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मागे एक स्थळ आलं, तेव्हा हिरड्या ओसराव्यात म्हणून मी कुणाला न सांगता आठ दिवस गोळ्या फेकून दिल्या. भाकऱ्या भाजताना फीट आली. मनगटावरचा डाग कसला, असं तुम्ही विचारलंत ना, तो त्या तव्याचा. त्यानंतर एकही गोळी चुकवलेली नाही आणि दोन वर्षांत फीटही आलेली नाही. डॉक्टर म्हणतात, हिरड्या कापून सारख्या करता येतील, पण परत वाढू शकतात, म्हणून दात नीट घासत जा. गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नाहीत.

त्या दिवशी चप्पल माझ्या नाकाला होती, तेव्हा सगळे आईकडे बघत होते. तुम्ही एकटे माझ्याकडे. तुम्ही ओळखलंत असं मला तेव्हाच वाटलं. तरी आठ दिवसांनी पत्रिकेचा नमुना पाठवलात, म्हणून हे लिहायचं धाडस झालं. तुम्ही मला फार आवडलात, आणि आवडलेल्या माणसाला फसवून त्याच्या घरात यायचं नाही मला. उद्या कधी पुन्हा फीट आलीच, तर चप्पल नको, कांदा नको. मला कुशीवर वळवायचं, चूलबिल असेल तर लांब न्यायचं, आणि शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसायचं. बसाल?

तुमचीच (की नाही, ते तुम्हीच कळवा),
चांगुणा