ऑटर्सचा तिसरा बोर्ड

मंगळवार, १९ ऑगस्ट
निश्चय: रोज चार तास क्वालिफायरचा अभ्यास. परीक्षा नोव्हेंबरात, आणि पीएचडी राहणार की जाणार ते तिच्यावरच. सुरुवात उद्यापासून, कारण आज अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये सिलेक्शन झालं.
टीम म्हणजे आमच्या कॉलेजची, ऑटर्स. ऑटर म्हणजे पाणमांजर. गेल्या सीझनला सगळ्या मॅचेस हरलो म्हणून नवीन हेड कोच आणलेत, हॅलोरन. त्यांना स्टुडंट व्हॉलंटियर हवे होते. मी जेवणाच्या वासाने त्यांच्या मीटिंगमध्ये शिरलो होतो. कोचने खालपासून वरपर्यंत बघितलं, हात वर करायला सांगितले आणि म्हणाले, चालेल. याला म्हणतात माणसाची पारख.

बुधवार, २० ऑगस्ट
काम अत्यंत गोपनीय. मैदानात एवढा गोंगाट असतो की कोचचं खेळाडूंना ऐकू जात नाही. म्हणून बाजूला उभं राहून चित्रांचे बोर्ड वर धरायचे. चित्र बघून खेळाडूंना कळतं कुठली चाल करायची. बोर्डवाले तिघे. एकाचेच बोर्ड खरे, बाकीचे समोरच्या टीमला फसवायला. खरे कोणाचे, ते फक्त कोच आणि खेळाडूंना माहीत.
माझ्याकडे अननस, गाढव, इस्त्री आणि जिराफ. दुसरे दोघे लहानपणापासून फुटबॉल खेळलेले. म्हणजे खरे बोर्ड त्यांच्याकडे असतील असं कोणालाही वाटेल. म्हणजेच ते माझ्याकडे आहेत.
अभ्यास: वेळ मिळाला नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट
पहिली मॅच. ०-४१ हरलो. माझ्याकडून काही चूक नाही. गाढव वेळेवर वर केलं होतं.

रविवार, ३१ ऑगस्ट
आईला फोनवर सांगितलं की स्ट्रॅटेजी बघतो. तिने इकडे नेपरव्हिलला राहणाऱ्या सुवर्णाकाकूंना कळवताना मला असिस्टंट कोच केलं. दुरुस्त केलं नाही. तिचं मन कशाला मोडा.

शनिवार, १३ सप्टेंबर
हरलो. रूममेट गिरीशने मॅच लॅपटॉपवर पाहिली. त्याचं म्हणणं, खेळाडू माझ्याकडे एकदाही बघत नाहीत, सगळे दुसऱ्या बोर्डवालीकडे, त्या लाल केसांच्या मुलीकडे बघतात. त्याला समजावलं की खेळाडूंना तसं दाखवायचं ट्रेनिंग दिलेलं असतं. त्याने लॅपटॉप बंद केला. मग म्हणाला, भांडी घासायची पाळी तुझी आहे.

शनिवार, २७ सप्टेंबर
कोच चांगले आहेत, पण जुन्या वळणाचे. माझ्यासाठी येणाऱ्या सूचनांमध्ये इस्त्री फार. तिसऱ्या क्वार्टरपासून स्वतःच्या अंदाजाने चित्रं दाखवायला लागलो. एकदा जिराफ दाखवला आणि आपला माणूस बॉल घेऊन अर्धं मैदान पळाला!
हरलो. पण सूचना मोडूनही कोच चकार शब्द बोलले नाहीत. एवढा विश्वास सख्खा काका ठेवणार नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर
आता सगळं माझ्या अंदाजाने. हरलो. क्वालिफायरचं पुस्तक मॅचला नेलं होतं, त्यावर खेळाडूंचं गेटोरेड सरबत सांडलं. निसर्गच विरोधात.

शनिवार, १८ ऑक्टोबर
होमकमिंग, म्हणजे माजी विद्यार्थी आणि घरचे येतात ती मॅच. आज धनत्रयोदशी. शशिकांतकाका आणि सुवर्णाकाकू तीन तास ड्राइव्ह करून आले, सोबत फराळाचे डबे. हरलो. मॅचनंतर मी थांबवायच्या आत काकू कोचपर्यंत पोचल्या, त्यांच्या हातात चकली ठेवली आणि आमचा मुलगा तुमच्या हाताखाली असिस्टंट कोच आहे याचा अभिमान वाटतो म्हणाल्या.
कोचने चकली चावली. कोण ते त्यांना आधी कळेना. काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं.
“अच्छा, तो. त्याच्या बोर्डांना काही अर्थ नाही. तेच त्याचं काम आहे,” कोच म्हणाले.
साहजिक आहे. परक्या माणसांसमोर गुपित कोण फोडेल?
पार्किंगपर्यंत काका फक्त हायवेच्या ट्रॅफिकबद्दल बोलले. काकूंनी चिवड्याचा त्यांचा डबाही मलाच दिला. “पण उंच धरतोस हो अगदी,” त्या म्हणाल्या.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
क्वालिफायर झाली. दुसरा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा. तिसरा आणि चौथाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर
नापास. प्रोफेसर म्हणाल्या की मे महिन्यात एक शेवटचा चान्स, त्यानंतर त्या काही करू शकणार नाहीत. मी सीझनचा ताण समजावून सांगितला. त्यांनी विचारलं, कुठला सीझन.

शनिवार, २२ नोव्हेंबर
शेवटची मॅच. सविस्तर लिहितो, कारण उद्या लोक काहीही बोलतील.
शेवटचं मिनिट. आपण फक्त तीन पॉइंटनी मागे. बॉल त्यांच्या गोलरेषेजवळ, खेळ थांबवायचे टाइमआउट संपलेले, घड्याळ चालू. कोच पळत माझ्याकडे आले. सगळ्या लीगला ठाऊक आहे की तुझे बोर्ड खोटे, ते म्हणाले, म्हणून आत्ताची चाल तुझ्या बोर्डवरून. पोरांना सांगून ठेवलंय. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. “अननस. फक्त अननस.”
मी मैदानाकडे नीट पाहिलं. अननसाची वेळ नव्हती. हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, पण मी सीझनभर खेळ वाचलाय. जिराफ वर केला.
अकराच्या अकरा जण माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच. कोणी हलेना. चाल सुरू करणाऱ्या क्वार्टरबॅकने हातांनी काहीतरी विचारलं. मी जिराफ आणखी उंच धरला. घड्याळातली वेळ संपली.
जिराफच बरोबर होता. टीमची तयारी कमी पडली.

रविवार, २३ नोव्हेंबर
शेवटच्या वर्षाचा एक खेळाडू, दारात मावणार नाही एवढा, काल बेंचवर टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता. दोन सीझन एकही विजय नाही, आणि आता कॉलेज संपलं. मी जवळ जाऊन सांगितलं की चूक तुझी नाही. त्याने टॉवेल काढला नाही. “आय नो,” एवढंच म्हणाला.
आज अभ्यास नाही. चिवडा संपला.

सोमवार, १ डिसेंबर
टीम ऑफिसचा ईमेल. पुढच्या सीझनपासून तिसरे बोर्ड स्टँडवर लावणार. टीमचं जॅकेट धुऊन परत करावं. म्हणजे माझ्या जागी माणूस सापडला नाही, ऑटोमेशन करावं लागलं.

शनिवार, ११ एप्रिल
लॅबला जाताना स्प्रिंग प्रॅक्टिस दिसली. कुंपणाशी थांबलो. स्टँड माझ्याच जागी होता. त्यावर इस्त्री.
वारा फार होता. स्टँड आडवा झाला. आता कोणीतरी धावेल म्हणून थांबलो. प्रॅक्टिस चालू राहिली. एक जण त्याच्यावरून उडी मारून पाणी प्यायला गेला, तसाच परत आला.
बराच वेळ थांबलो.
मग लॅबमध्ये जाऊन पुस्तक उघडलं. पानं गेटोरेडने चिकटली आहेत. पट्टीने एकेक सोडवतो आहे.