वीज जाते कुठं?

खडकवाडी, ता. परंडा
२८ ऑगस्ट, बुधवार

चि. महेश्वरी,

तुला आणि उत्कर्षरावांना आशीर्वाद. इकडं आम्ही बरे आहोत. काळी म्हैस व्याली, पारडी झाली. तुम्ही सुखात असाल असं धरून चालते.

पत्ता गुरुसिद्धप्पा मामाकडनं घेतला. त्यानं नंबर बी दिला, पण फोनवर मला बोलायला सुधरायचं न्हाय, म्हणून लिहिते. सातवीपर्यंतचं अक्षर हाय, सांभाळून वाच. पत्राला कारण असं काही न्हाय. एक गंमत झाली, ती कुणाला सांगावी तर तूच आठवलीस. लहानपणी हे का अन् ते का करून तूच माझं डोकं खायचीस.

तू गेलीस तवा माळावर चारच पवनचक्क्या हुत्या. आता मोजत न्हाय कुणी. पवनचक्कीवाल्या कंपन्या आणि खडी-खाणवाले मिळून त्यांची एक असोसिएशन हाय. वरसातून एकदा ते गावात येतात, कधी डोळे तपासतात, कधी पोरींना सायकली देतात, फोटो काढून जातात. ह्या खेपेला तेरखेड्याची मोनिका म्हणून एक पोरगी आली. तिचे वडील फटाक्याच्या कारखान्यात कामाला हायत म्हणं. देवळापुढं सगळ्यांना बसवून म्हणाली, "ह्या वर्षी आम्ही काही ठरवून आलो न्हाय. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

कुणी सभामंडप मागितला, कुणी जिम. बायकांकडं वळून तिनं विचारलं, तर माझ्या तोंडातनं निघून गेलं, "बाई, ही वीज जाते कुठं?"

सगळी हसली. सरपंच म्हणाले, "इरम्मा, ते विचारून काय करणार?" पण मला खरंच कळत न्हाय गं. वारं आपल्या माळाचं, पंखा आपल्या डोक्यावर फिरतो आणि आपल्याकडं सांजच्याला लाइट जाती. मग ती कुणाच्या घरात लागती?

मोनिका हसली न्हाय. म्हणाली, "मावशी, मला बी नीट ठाऊक न्हाय. पुण्याकडं जाते म्हणतात." मग तीच म्हणाली, "आपण तारेच्या मागोमाग जाऊन बघायचं का?"

मला वाटलं बोलण्यावारी नेईल. पण मागल्या सोमवारी ती जीप घेऊन दारात उभी! मी, शेजारची सिद्धम्मा आणि मेंढरंवाली बानूबाई निघालो. तुझे अप्पा ओट्यावर बसून बघत हुते. आधी म्हणाले, "बायकांना काय खूळ लागलंय!" जीप सुरू झाली तसे उठले, टोपी घातली आणि पुढं डायव्हरजवळ जाऊन बसले. म्हणाले, "ह्या वाट चुकतील." तार डोक्यावर असताना वाट चुकणार कशी, ते तूच सांग.

बानूबाईनं पहिल्या चक्कीखाली जीप थांबवली. तिची मेंढरं उन्हाच्या वक्ताला त्या खांबाच्या सावलीत एका रांगेत उभी राहतात. सावली सरकली की सगळी रांग सरकते. तिथनं तार माळ उतरते, ज्वारीच्या रानातनं जाते, वढा ओलांडते. जिथं रस्ता सुटला तिथं आम्ही खाली उतरून चाललो. सिद्धम्माला जीप लागली, दोनदा उलटी झाली, पण परत फिरायला तयार न्हाय. म्हणाली, "आता बघूनच जाऊ."

शेवटाला कुंपण घातलेलं मोठं सबस्टेशन आलं. आतनं घूं असा आवाज. नंदीश नावाचा इंजिनियर भेटला, बिदरकडचा. मी माझ्या माहेरच्या कानडीत बोलले तर लई खूश झाला, सगळ्यांना चहा सांगितला. मी त्यालाबी तेच विचारलं.

तो म्हणाला, "आज्जी, इथवर आपल्या माळाची वीज वेगळी हाय. इथनं पुढं सगळी एकात मिसळते. कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची. मग कुठली कुणाच्या घरात लागली, ते कुणालाच सांगता येत न्हाय."

माझा चेहरा उतरला असणार. मोनिका माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात तुझे अप्पा पुढं झाले. "म्हंजे पुण्याला जातच न्हाय, असं बी सांगता येत न्हाय?"

"न्हाय, तसं बी सांगता येत न्हाय."

"फुरसुंगीला?"

नंदीश म्हणाला, "जात असंल थोडीफार. पण फुरसुंगीलाच का?"

"असंच," अप्पा म्हणाले, आणि वर तारांकडं बघत राहिले.

महेश्वरी, मी ह्या घरात फुरसुंगीचं नाव कधी काढलं न्हाय. तुझंच नाव काढायची सोय नव्हती, तर तुझ्या गावाचं कुठलं! तू कोर्टात लग्न केलंस त्या दिवसापास्नं ह्यांनी तोंडाला कुलूप घातलेलं. मग ह्यांना फुरसुंगी कसं ठाऊक, म्हणून मामाला विचारलं तर तो म्हणाला, "दाजी दर महिन्याला परंड्याच्या बाजारात माझ्याकडं येतात. पोरगी कशी हाय, एवढंच विचारतात आणि जातात. तुला सांगू नको म्हणाले हुते."

आता तुला खरं सांगते. माळावर चक्की फिरायला लागली की मला वाटायचं, ही वीज तुझ्या खोलीत लागत असंल, तिच्या उजेडात तू भाकरी थापत असशील. म्हणून मी ते विचारलं हुतं. हेच ह्यांच्या बी मनात हुतं, हे मला सबस्टेशनात कळलं. मी ह्यांना अजून काही बोलले न्हाय. बोलले तर पुन्हा कुलूप लागंल.

काल जेवताना आपणहून म्हणाले, "आवंदा महालक्ष्म्यांना घर लई रिकामं दिसंल." मी म्हटलं, "मग लिहू का?" तर म्हणाले, "दोघांना लिही. एकटीला न्हाय."

म्हणून लिहिलं. उत्कर्षरावांना घेऊन ये. ते काय खातात, काय न्हाय, ते आधी कळव.

वाट बघणारी,
तुझी आई इरम्मा

आणि माझं बी नाव घाल म्हणाले, म्हणून,
तुझे अप्पा, माणिकप्पा