सन २६११ मध्ये दिल्या जाणाऱ्या लॅपटॉपबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
यंत्रसामग्री ताबा व दुरुस्ती विभाग,
दक्षिण किनारा जलमापन संस्था, सोंगख्ला.

अर्जदार : डॉ. ऑरथाई चांथरपान, वरिष्ठ संशोधक, सरोवर शाखा.

विषय : दुरुस्तीस दिलेल्या संगणकाची डिस्क गुरुवारी पुसली जाऊ नये याबाबत.
संदर्भ : आपले दि. ७ ऑगस्ट, बुद्धसंवत २५६८ चे ‘बेवारस वस्तू’ या शीर्षकाचे पत्र.

महोदय,

१. दि. ७ जुलै २५६८ रोजी अर्जदाराने टेबलावरील संगणक, केवळ पंखा बंद पडल्याने, आपल्या विभागात जमा केला. त्यात सरोवरातील सहा खांबांवरच्या पाणीपातळीच्या अकरा वर्षांच्या तासातासाच्या नोंदी आहेत. काठच्या गावांना पुराची सूचना केव्हा द्यायची, हे त्यांवरून ठरते. दुसरी प्रत का ठेवली नाही, असे आपण विचारालच. ठेवली होती. ती संगणकाच्याच पिशवीत होती आणि आपल्या विभागाने पिशवीसह सारे ‘एक नग’ म्हणून जमा करून घेतले. ही चूक अर्जदाराची. या प्रकरणातील अर्जदाराची चूक येथे संपते.

२. काम अडू नये म्हणून त्याच दिवशी बदली लॅपटॉप मिळाला. तंत्रज्ञ खुन (श्री.) प्रादित यांनी तो आधी विहारात नेऊन भिक्खूंकडून मंत्रवून आणला होता. झाकणावर पांढऱ्या गंधाचे ठिपके आहेत. त्यांबद्दल तक्रार नाही, ठिपक्यांनी काम अडत नाही. परंतु नऊ हा भरभराटीचा आकडा, म्हणून नऊच्या कळीवर सोन्याचा वर्ख लावून वर चिकटपट्टी मारली आहे. कळ दबत नाही. सरोवराचे पाणी नऊ टाळून चढत-उतरत नाही. परिणामी अर्जदार प्रत्येक नऊ जुन्या मजकुरातून उचलून आणते. जुलैअखेर असे १,११४ नऊ आणावे लागले.

३. मुख्य मुद्दा घड्याळाचा आहे. आपण सारे बुद्धसंवत लिहितो. यंत्राला आतून इसवी सन लागतो. खुन प्रादित यांनी सवयीने २५६८ चे शेवटचे दोन आकडे, म्हणजे ६८, भरले. यंत्राने ते इसवी २०६८ मानले. प्रत्यक्षात चालू आहे २०२५. सबब, हा लॅपटॉप त्रेचाळीस वर्षे पुढे आहे आणि पडद्यावर बुद्धसंवत २६११ दाखवतो. बाहेरचे एकही संकेतस्थळ उघडत नाही, कारण यंत्राच्या मते प्रत्येकाचे सुरक्षा-प्रमाणपत्र केव्हाच संपले आहे. केवळ संस्थेची अंतर्गत ई-टपाल सेवा चालते. घड्याळ बदलण्याचा परवलीचा शब्द आपल्या विभागाकडे आहे. तो मागितला असता खुन प्रादित, शिक्षकांना आदराने हाक मारावी तसे, म्हणाले, “आचान, मुहूर्त बघून लावलंय ते. हात नका लावू. आणि पुढेच आहे ना? मागे असतं तर अपशकुन.” मुहूर्ताने मिनिटे अचूक लागली आहेत, हे अर्जदार मान्य करते.

४. अर्जदाराने १४, २१ व २८ जुलै रोजी याच लॅपटॉपवरून, संगणक दुरुस्त झाला का, अशी लेखी विचारणा केली. उत्तर आले नाही. आले ते संदर्भातील पत्र. त्यातील हिशेब असा : संगणक दाखल, ७ जुलै २५६८. मालकाची पहिली विचारणा, १४ जुलै २६११. मधला काळ, त्रेचाळीस वर्षे सात दिवस. नव्वद दिवसांत विचारणा न झालेली वस्तू नियमाने बेवारस ठरते. म्हणून गुरुवार, १४ ऑगस्ट रोजी सकाळी ९ वाजून ९ मिनिटे या शुभवेळी पिशवीतील सर्व साठा पुसण्यात येईल.

५. अर्जदार समक्ष आली असता नोंदणी-लिपिक खुन (श्रीमती) सुपानी यांनी नोंद दाखवून विचारले, “त्रेचाळीस वर्षांत एकदाही चौकशी करावीशी वाटली नाही, आचान?” अर्जदाराचे वय एक्कावन्न असून त्रेचाळीस वर्षांपूर्वी ती दुसरीत होती, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “ते तुमचं तुम्ही बघा. मशिन कशाला खोटं बोलेल? त्याला काय तुमचं वावडं आहे?” त्यानंतर त्यांनी अर्जदाराला भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहू दिले, परंतु ती नोंदीस जोडता येत नसल्याचे सांगितले.

६. याच भेटीत खुन सुपानी यांनी नियम सांगितला की, बदली लॅपटॉप आधी परत केल्याशिवाय मूळ संगणकाबाबत कोणताही अर्ज स्वीकारला जात नाही. या नियमाचा अर्जदाराने काळजीपूर्वक विचार केला आहे. लॅपटॉप दिल्याची पावती त्याच लॅपटॉपवर तयार झाली. आपल्या नोंदवहीत ती अशी आहे : ‘दिल्याचा दिनांक, ७ जुलै २६११.’ आपण नोंदवही प्रमाण मानता. मग हा लॅपटॉप अद्याप कोणालाही दिलेला नाही. जी वस्तू दिली गेलेली नाही ती परत मागण्याचा अधिकार आपल्याला आणखी त्रेचाळीस वर्षे नाही, आणि तिच्यावाचून अर्ज अडवण्याचाही नाही.

७. आपण दोहोंपैकी एकच मान्य करू शकता. २६११ खरे असेल, तर लॅपटॉप अर्जदाराकडे राहील. ते खोटे असेल, तर संगणक बेवारस नाही. तिसरा पर्याय अर्जदाराने शोधला, सापडला नाही. आपल्याला सापडल्यास लेखी कळवावा, हाताने, दिनांकासह.

८. गुरुवारी सकाळी आठपासून अर्जदार पिशवी ठेवलेल्या आपल्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसेल. खुर्ची घरची आहे. बदली लॅपटॉप मांडीवर असेल. पिशवी हाती पडताच तो तेथेच परत केला जाईल, आणि नऊच्या कळीवरील वर्ख जसाच्या तसा असेल.

आपल्या नोंदीनुसार त्रेचाळीस वर्षे बेपत्ता,
ऑरथाई चांथरपान
(स्वहस्ते)
सोमवार, दि. ११ ऑगस्ट २५६८

सोबत :
(क) भिंतीवरील दिनदर्शिकेचे छायाचित्र
(ख) अर्जदाराच्या जन्मदाखल्याची प्रत
(ग) बदली लॅपटॉप : सोबत नाही; कारण परिच्छेद ६ मध्ये