बरणीवर करवंदच लिहिलं

तीर्थस्वरूप दादास धाकटीचा नमस्कार.

मी वेळेवर जेवते, खोलीत सकाळचं ऊन येतं, खोकलाही गेला. वहिनीचा गुडघा कसा आहे?

आमच्या कारखान्यात करवंदं चिरून बिया काढतात, पाकात घालून लाल रंग देतात आणि बरणीवर ‘चेरी’ लिहून केकवाल्यांना पाठवतात. चिकानं संध्याकाळपर्यंत बोटं एकमेकांना चिकटतात.

परवा कोशात पाहिलं, करवंदाचं जुनं नाव करमर्द. कर म्हणजे हात, मर्दन म्हणजे रगडणं. हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं करवंदं स्वतः तोडली असणार. आज हे हयात असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं. त्यांच्या रुमालावर करवंदांचे डाग अजून आहेत. मी ते घालवत नाही.

सोमवारी लेबलं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळ्या बरण्यांवर ‘करवंद’ लिहिलं. मुकादम म्हणाले, “अहो बाई, करवंद कोण विकत घेतं?”

म्हटलं, “इतकी वर्षं सगळे तेच घेतायत.”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मालकांनी मला उद्या बोलावलंय. कामावरून काढलं तर दुसरं काम बघेन, पण तुझ्याकडे येऊन बसणार नाही. राग मानू नकोस.

आणि बहीण ऑफिसात आहे, असं तू शेजारी सांगतोस म्हणे. ती करवंदाच्या बिया काढते, असं सांग. कुणाला खोटं वाटलं, तर सुट्टीत येईन तेव्हा माझे हात दाखव.

तुझी हट्टी
धाकटी