माझ्याशी कोणी बोलत नाही

९ जून, मंगळवार

हरलो. नऊपैकी चौथ्या डावातच स्किप मैदानात चालत आला आणि माझ्या हातातला चेंडू काढून घेतला. रांगत्या पोराच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसा, हळूच. पोर सदतीस वर्षांचं आहे!

"पुरे मर्ल, आजच्यापुरतं," म्हणाला. तो आमच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर. टॉलिव्हर हे नाव त्याच्या बायकोशिवाय कोणी घेत नाही. त्याचं 'आजच्यापुरतं' मी गेल्या सहा वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ऐकू येतं.

आज माझा सर्वात जोराचा चेंडू ताशी ब्याऐंशी मैल. महामार्गावर या वेगाला पोलीस पावती फाडतो. इथे फलंदाज हसतात.

११ जून, गुरुवार

आमच्या संघातल्या ड्वेनला काढलं. दुपारी आलो तर त्याच्या कपाटावरची नावाची चिकटपट्टी निघालेली. ओटिस आमचे कपडे धुतो, जेवण मांडतो आणि पट्ट्याही तोच काढतो. नखाने हळूहळू काढतो, आवाज होऊ नये म्हणून. होतोच.

ड्वेन आला, पट्टी नाही हे पाहिलं, स्किपच्या खोलीत गेला, बाहेर आला, बॅग भरली. तोवर खोलीत चिडीचूप. हा आमचा रिवाजच! काढलेल्या माणसाशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. लागण होते म्हणे. सगळे खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होते. मीही बांधत होतो.

माझ्या पायात सपाता होत्या.

१४ जून, रविवार

बायकोचा, नोरीनचा फोन. तिच्या भावाच्या — आर्विडच्या — शाळेत बेसबॉलच्या कोचची जागा रिकामी झालीय. शिवाय पोरांना गाडी चालवायला शिकवायची. महिनाअखेर कळवायचंय.

"येतोस?"

"काढतील तेव्हा येईनच की."

"आणि काढेपर्यंत तिथे ठाण मांडून बसणार! आपणहून उठायला काय धाड भरलीय तुला?"

म्हटलं, इथे हवा छान आहे. नेब्रास्कात, जूनच्या उकाड्यात! तीही हसली.

खरं कारण तिला सांगायची लाज वाटते. इथे लिहितो. मला एक मॅच पूर्ण टाकायचीय. पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत, नऊच्या नऊ डाव. स्किपने चालत यायचं नाही, हात पुढे करायचा नाही. शेवटचा माणूस मी बाद करायचा आणि माझ्या पायांनी बाहेर यायचं. एवढंच. मग शिकवीन पोरांना गाडी. ताशी ब्याऐंशीच्या आत.

१७ जून, बुधवार

नवा पिचर — चेंडू टाकणारा — आला. कोल्बी. डावखुरा — माझ्यासारखाच. वीस वर्षांचा. मला 'सर' म्हणतो. संपलं!

१९ जून, शुक्रवार

कोल्बीचा सराव पाहिला. म्हणजे ऐकला. चेंडू दिसत नाही, कॅचरच्या हातमोज्यात फाडकन आवाज तेवढा येतो. नंतर माझी पाळी. आवाज — उशी झटकल्यासारखा.

कॅचर एलीएसर. सांतो डोमिंगोचं पोरगं, तोंडाला कुलूप नाही. पहिल्या दिवसापासून मला आजोबा म्हणतो. आज ओरडून म्हणाला, "आजोबा, तुझ्यासाठी हातमोजा काढून ठेवू का? टोपीत झेलतो!" सगळे हसले. कोल्बी हसला नाही. पोराला वळण आहे. त्यामुळे जास्तच लागलं.

एका संघात दोन डावखुरे म्हातारे... म्हणजे एक म्हातारा आणि एक तोफ, दोघांना जागा कुठे असते? रविवारी माझी पाळी. माझ्या मते शेवटची. धावफलकाकडे मी कधीच बघत नाही. पहिल्या वर्षी बघितलं आणि हातची मॅच घालवली, तेव्हापासून बंद. रविवारी तर मुळीच बघणार नाही.

२१ जून, रविवार

नीट लिहितो. गाढवपणा पुरता कागदावर यायला हवा.

सकाळी जेवायला गेलो. नेहमीचं — पीनट बटर, पाव, कालची कोंबडी. आज फादर्स डे. एलीएसर दरवर्षी या दिवशी माझ्या पाया पडायचं नाटक करतो, आशीर्वाद मागतो. आज मी ताट घेऊन बसलो आणि तो उठला. "पाणी आणतो," म्हणाला. पाणी टेबलावर होतं. परत आलाच नाही. कोल्बी माझ्याकडे बघून लालबुंद झाला. ओटिसने मला कोंबडीचे दोन तुकडे वाढले, न मागता! सतरा वर्षांत ओटिससारख्या कुठल्याच माणसाने मला न मागता काही वाढलेलं नाही.

तिथेच कळलं. काढलं मला.

मॅच दुपारी एकची. मैदान बापांनी आणि पोरांनी भरलेलं. पहिल्याच डावात मी दोघांना चार-चार वाईट चेंडू टाकून फुकट बेसवर पाठवलं. मग आमच्या क्षेत्ररक्षकाने सोपा चेंडू पायाखालून सोडला, एक धाव गेली. म्हटलं, झालं, आता स्किप येतो. नाही आला.

दुसऱ्या डावात परत एक फुकट. नाही आला. चौथ्यात दोन. स्किप कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया चघळतोय, सालं थुंकतोय, हलायचं नाव नाही! मला वाटलं, काढायचंच आहे तर कशाला चालायचे कष्ट घ्या, असा हिशोब असेल.

डाव संपला की मी बाकावर येऊन बसायचो. बाक रिकामा. म्हणजे बाकावर माणसं होती, पण सगळी पलीकडच्या टोकाला, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी. माझ्या दोन्ही बाजूंना म्हैस आडवी होईल एवढी जागा. एलीएसर दर डावानंतर येऊन माझं डोकं खातो — हा असा टाक, तो तसा टाक. आज मुखवटा काढला, पाठ फिरवली. मी डोक्यावर टॉवेल घेऊन बसलो आणि मनातल्या मनात नोरीनला सांगायचं जुळवत राहिलो. चेंडू टाकत होतो खरा, पण खरं सांगायचं तर कोण फलंदाज, काय टाकतोय, काही ध्यानात नव्हतं. एलीएसर खूण करेल ते टाकायचं. वाद घालायला माणूस बोलायला तर हवा!

आठव्या डावानंतर मला राहवेना. काढलेला माणूस गुपचूप जातो हा आपला रिवाज. ड्वेन तसाच गेला. म्हटलं, मी नाही जायचा. मी निरोप घेणार, माणसासारखा.

उठलो. आधी कोल्बीपाशी गेलो. "बाळ, खांदा जप. आणि जेवणानंतर लगेच धावू नकोस." पोरगा पांढराफटक पडला. तोंडावर हात ठेवून मोरीकडे पळाला. ओटिसला म्हटलं, "ओटिस, इतकी वर्षं माझे मोजे धुतलेस, उपकार आहेत." ओटिसने टोपी डोळ्यांवर ओढली आणि तिच्याआड काहीतरी पुटपुटला. प्रार्थना असावी. एलीएसरने मला येताना पाहिलं आणि चक्क कठड्यावरून उडी मारून मैदानात गेला. मी मागून ओरडलो, "तुझ्यासारखा कॅचर मला कधी मिळाला नाही रे!" त्याने दोन्ही हातांनी कान झाकले.

केवढा अपमान! डोळे भरून आले, लिहायला लाज कसली.

शेवटी स्किप. मी हात पुढे केला. म्हटलं, "स्किप, तुमचा राग नाही." त्याने हात हातात घेतला. घट्ट धरला, बराच वेळ. मग म्हणाला, "जा, नववा टाक."

नववा! मला तिथे कळलं की मी नववा टाकतोय. टाकतोय आणि कोणी अडवत नाहीये. पूर्ण मॅच! पाय एकदम हलके झाले. पहिला बाद. दुसरा बाद. गर्दी उभी. वाटलं, बातमी फुटली, म्हाताऱ्याला निरोप देतायत. मी टोपी काढली, चारी दिशांना वाकून नमस्कार केला. सावकाश. ती टोपी आठवली की आता उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

तिसऱ्याने बॅट फिरवली. चेंडू बॅटच्या दांड्याजवळ लागून मेल्या चिमणीसारखा दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधे पडला. साधा, फुसका फटका. फलंदाज पहिल्या बेसवर. आणि साऱ्या मैदानाने असा सुस्कारा टाकला की मला वाटलं कोणीतरी मेलं.

एलीएसर मुखवटा भिरकावून धावत आला. रडत होता!

"आजोबा! तू का बोललास? का बोललास तू?"

"काय झालं?"

"काय झालं! एक फटका नव्हता बसला तुला! एकसुद्धा! एक माणूस राहिला होता! आणि तू भटजीसारखा दारोदार फिरत बसलास!"

मी धावफलकाकडे बघितलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या फटक्यांच्या खाली — एक. तो आत्ताचा.

पूर्ण मॅचमध्ये फलंदाज बेसवर पोहोचेल असा एकही फटका बसू द्यायचा नाही — फुकट पाठवलेले आणि क्षेत्ररक्षकाने सोडलेले त्यात धरत नाहीत — हे बहुतेक पिचरच्या नशिबात आयुष्यात एकदाही नसतं. आणि ते चालू असताना त्या पिचरशी कोणी अवाक्षर बोलायचं नाही, शेजारी बसायचं नाही. बोललं की दृष्ट लागते. हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मीही दुसऱ्यांसाठी पाळलंय, बाकाच्या टोकाला अंग चोरून बसलोय. माझ्या बाबतीत असं काही होऊ शकतं हे डोक्यातच आलं नाही!

म्हणजे काढलं म्हणून गप्प नव्हते. माझ्यासाठी श्वास धरून बसले होते बिचारे. आणि माझी दृष्ट मलाच लागली.

पुढचा माणूस बाद केला. दोन-एकने जिंकलो. नऊच्या नऊ डाव. चेंडू माझ्या खिशात आहे. बाहेर आलो तर सगळे अंगावर पडले, सगळे एकदम बोलत होते, शिव्या जास्त. कोल्बी म्हणाला, "सर, मी खरंच ओकलो." मी त्याचा मुका घेतला.

२२ जून, सोमवार

सुटी. खांदा भिंतीवर टांगून ठेवावासा वाटतोय. दात घासायला उजवा हात!

नोरीनला फोन केला. सगळं सांगितलं, टोपीसकट. हसून हसून तिला खोकला लागला. मग मी म्हटलं, ऐक, आर्विडला नाही म्हणून कळव. दुसरा माणूस बघ म्हणावं. मी या वयात असा टाकतो म्हटल्यावर हे मला काढतात कशाला! निदान सप्टेंबरपर्यंत तरी नाही. कदाचित पुढचं वर्षही.

"पूर्ण मॅच झाली की येणार होतास ना?"

हे मी तिला कधी सांगितलं? झोपेत बोललो असेन.

"नोरीन, एक फटका फक्त! तोही फुसका!"

"हं," म्हणाली. एवढंच.

दुपारी आरशासमोर उभं राहून टोपी काढून बघितली. तितकं वाईट दिसत नाही.

२३ जून, मंगळवार

पट्टी नाही.

स्किपने दार लावून घेतलं. मला काढल्याचा वरून आलेला कागद दाखवला. शनिवारचा. कोल्बीला शनिवारीच सांगितलं होतं, पुढची पाळी तुझी. म्हणजे रविवारी सकाळी जेवताना, मी एक चेंडूही टाकला नव्हता तेव्हा, ते सगळे जाणून होते... ओटिसची कोंबडी!

"म्हणून रविवारी मैदानातून काढायला आलो नाही तुला," स्किप म्हणाला. "पुढचं तू केलंस."

नोरीनला फोन लावला. नुसतं तिचं नाव घेतलं. तीच म्हणाली, "आर्विडला मी काही कळवलेलं नाही. ये."

बाहेर आलो. खोली चिडीचूप. सगळे वाकून नाड्या बांधत होते. मी बॅग भरायला घेतली. तेवढ्यात एलीएसर उठला, माझ्या बाकावर अगदी चिकटून बसला आणि बोलायला लागला. त्याच्या बहिणीचं लग्न, आईच्या हातचं बोकडाचं मटण, माझा ब्याऐंशीचा चेंडू, टोपी. खोलीतली प्रत्येक मान वर झाली. तो थांबेना. माझी बॅग त्याने खांद्यावर घेतली आणि गाडीपर्यंत बोलतच आला.