शेवटच्या रांगेपर्यंत

बाई, परवा मी एकटीने विमान उडवले. हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले, कारण शाळेत पहिला क्रमांक आला तरी मी तो घरी पुटपुटतच सांगत असे, आणि ही बातमी मात्र मला तुम्हाला मोठ्याने सांगायची आहे. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षे झाली, की आपल्या शाळेत तुमच्याकडे गणित शिकलेले कोणी उरले नसेल. पण ती नववीतली दुपार तुम्हाला आठवत असणार. ग्रंथालयाच्या खोलीत तुम्ही मला पुढे काय व्हायचे ते विचारले आणि मी ‘हवाई दलात वैमानिक’ असे इतक्या हळू म्हणाले, की तुम्हाला पुन्हा विचारावे लागले. तुम्ही हसला नाहीत. “मग उद्यापासून परिपाठाच्या आज्ञा तू द्यायच्या,” एवढेच म्हणालात. त्याऐवजी गणिताचा वरच्या वर्गाचा अभ्यास करते, असे मी सुचवून पाहिले. “गणित तुला येतंय गं. आवाज येत न्हाई. तिथं निवडीच्या मैदानावर मनातल्या मनात बोलणाऱ्याला घरी पाठवतेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माईक बंद केलात. “वर आभाळात ही पेटी यील का तुझ्यासंगं?” असे म्हणून तुम्ही सगळ्या शाळेला ओलांडून शेवटच्या रांगेमागे, लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिलात. ऐकू आले तर तुम्ही हात वर करणार, असे आपले ठरले होते. मी ‘सावधान’ म्हणाले. पुढच्या दोन रांगांच्या टाचा जुळल्या आणि बाकीची शाळा विश्राममध्येच राहिली. दहावीतला एक मुलगा मागून म्हणाला, “पिच्चर चालू झालाय, आवाज कावून बंद हाय?” सगळे मैदान हसले. तुमचा हात खालीच होता, आणि पुढचे कित्येक दिवस तो तसाच राहिला.

मग दिवाळीची सुटी संपते, शाळा भरते, आणि पहिल्याच सोमवारी तुमचा हात वर जातो. मधल्या सुटीत मी जवळजवळ धावत तुमच्या टेबलापाशी येते. तुम्ही डबा खाता आहात. भाकरीचा घास हातातच ठेवून माझ्याकडे बघता. “नाचू नको. मैदान बघितलंस का?” मी पाहिलेले नसते. अर्धी मुले आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेली आहेत, रांगा आखूड झाल्या आहेत, आणि शेवटची रांग पूर्वी मधली रांग असायची तिथे येऊन थांबली आहे. तिच्याबरोबर तुम्हीही पुढे आला आहात. “तू मोठी झाली न्हाईस, मैदान लहान झालं. आजचा हात हिशेबात धरायचा न्हाई. पोरं परत येऊ दे.” मला तेव्हा हा निव्वळ अन्याय वाटला. आज वाटते, त्या गेलेल्या मुलांना गैरहजर न मानता तुम्ही त्यांची जागा मैदानावर राखून ठेवली होती, आणि माझा आवाज त्यांच्यापर्यंतही पोहोचला पाहिजे, असे तुमचे म्हणणे होते.

त्या हिवाळ्यात मी पुस्तके मनात वाचणे सोडले. शाळा सुटली की गावामागच्या माळावर जाऊन टेकडीकडे तोंड करून मी गोष्टी मोठ्याने वाची. वर एक म्हातारी शेळ्या चारत असे. एकदा मी पान उलटायला थांबले, तर तिने टेकडीवरून हाक घातली, “पुढं काय झालं गं त्या राजाचं? थांबलीस कावून?” बाई, माझ्या आवाजाला मिळालेली ती पहिली दाद.

गुढीपाडव्याच्या सुमारास मुले परतली, उन्हाने काळवंडलेली, उंच झालेली. रांगा पुन्हा लिंबाच्या झाडापर्यंत गेल्या. मी पोटातून श्वास घेतला आणि आज्ञा दिली. साऱ्या मैदानाच्या टाचा एकदम जुळल्या, धूळ उडाली, आणि धुळीपलीकडे तुमचा हात वर होता. त्याच संध्याकाळी मी माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या किराणा दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर सांगितले, की मला अकरावीला अंबाजोगाईला जायचे आहे, विज्ञान घ्यायचे आहे आणि विमान उडवायचे आहे. अप्पांच्या हातातला तराजू हलायचा थांबला. “एवढ्या जोरात कावून सांगायलीस? मी बहिरा हाय का?” मग साखरेची पुडी बांधता बांधता, “जा. पण तिथं जेवत जा.”

तुम्ही गेल्याचे मला अंबाजोगाईच्या वसतिगृहात कळले. बारावीचा निकाल तुम्ही पाहिला नाहीत, आणि हवाई दलाच्या निवडीचे ते मैदानही. ओंडके आणि दोर घेऊन आमचा गट खड्डा ओलांडायला उभा होता आणि सगळे एकाच वेळी सफाईदार इंग्रजीत बोलत होते. मी सगळ्यांच्या मागे दोर धरून उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिले, त्याच्यासाठी बोलले, साध्या शब्दांत, एकदाच. सगळे गप्प झाले, आणि आम्ही पार झालो.

एका बाबतीत मात्र तुम्ही चुकलात. ती पेटी वर येते, बाई. माईक ओठांना टेकलेला असतो आणि ओरडायचे मुळीच नसते. माझा जुना हळू आवाज तिथे अगदी योग्य ठरला. धावपट्टी मागे पडली, शेते रुमालाएवढी झाली, आणि मी नियंत्रण कक्षाला उत्तर दिले, तेव्हा ते कोणी पुन्हा विचारले नाही. उतरले, इंजिन बंद केले, माईक बाजूला सारला आणि पूर्ण आवाजात म्हणाले, ‘विश्राम’. पंखाशी उभा असलेला तंत्रज्ञ दचकून वर बघू लागला.

हे पत्र कुठे टाकायचे नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. माझ्या मागच्या आसनावर एरवी प्रशिक्षक बसतात. परवा ते रिकामे होते, पट्टे आवळून बांधलेले. मला ते ठाऊक होते. तरी ‘विश्राम’ म्हटल्यावर मी मागे वळून पाहिले, हात वर गेला का ते.