कडेची खुर्ची

प्रिय आत्या,

तू असतीस तर हे पत्र पेटीत टाकलं असतं. आता नुसतंच लिहितेय.

काल आमचा कार्टूनचा सिनेमा लागला. त्यातली राजकन्या मी काढलीय, म्हणजे तुलाच काढलंय. जिना चढताना धाप लागली की कमरेवर हात ठेवून जिन्यालाच "थांब जरा" म्हणून दटावणारी. पेपरवाले विचारत होते, जाड राजकन्येतून संदेश काय द्यायचाय? मला रागच आला. संदेश कसला? तुझ्या गोष्टीतल्या सगळ्याच राजकन्या भरल्या अंगाच्या असायच्या, आणि तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकताना मला त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

तू मला पहिल्यांदा सिनेमाला नेलंस ते आठवतं? पडद्यावर मुठीत मावेल अशा कमरेची राजकन्या आली आणि मी मोठ्याने विचारलं, "आत्या, हिला घरी जेवायला देत नाहीत का?" तू इतकी हसलीस की आपली अख्खी रांग हलली. नेहमीसारखी कडेच्या खुर्चीवर होतीस, अर्धी बाहेर.

काल मीही शेजारची कडेची खुर्ची अडवून ठेवली. दोघातिघांना उठवलंसुद्धा. दिवे मालवल्यावर एक चांगल्या भरभक्कम बाई आल्या आणि हळूच म्हणाल्या, "इथे कुणी आहे का हो? मधे बसायला मला अवघडतं."

"बसा," मी म्हटलं, "तुमच्यासाठीच धरलीय."

राजकन्येने जिन्याला दटावलं, आणि आमची रांग हलायला लागली.

तू जिला जन्मभर काडी म्हणालीस,
ती तुझी भाची